स्टोक पार्क : कायद्याला उद्यान दिसतं, ग्रीन दिसत नाहीत

२०२१च्या एप्रिलमध्ये रिलायन्स इंडस्ट्रीजच्या एका उपकंपनीने इंग्लंडच्या बकिंगहॅमशायरमधली 'स्टोक पार्क लिमिटेड' ही कंपनी ५ कोटी ७० लाख पौंडांना, म्हणजे सुमारे ५९२ कोटी रुपयांना, विकत घेतली. आपल्याकडच्या बातम्यांत गाजलं ते ४९ खोल्यांचं हॉटेल, १३ टेनिस कोर्टं आणि बाँडपटातला १९६४चा गोल्फचा प्रसंग. लंडनच्या पश्चिमेला, स्लाऊच्या उत्तरेस पसरलेल्या या सुमारे ३०० एकरांत सर्वात नाजूक काय आहे, याची चर्चा फारशी झाली नाही. ते आहे २७ होलचं गोल्फ मैदान, आणि त्यातही फक्त ग्रीन, म्हणजे जिथे चेंडू भोकात घालायचा ती बारीक कापलेली हिरवळ. एका ग्रीनचं क्षेत्र सरासरी ४५० चौरस मीटर धरलं तर २७ ग्रीन मिळून सव्वा हेक्टरही होत नाहीत. सगळी मालमत्ता सव्वाशे हेक्टरच्या घरात. म्हणजे प्रश्न एका टक्क्याचा आहे.

विक्रीनंतर काही महिन्यांतच नूतनीकरणासाठी क्लबचा खेळ थांबला. सुविधा वाढवू, पण नियोजनाचे आणि स्थानिक नियम पूर्ण पाळून, असं कंपनीने खरेदी जाहीर करतानाच म्हटलं होतं. अभ्यासाचा मुद्दा इथेच सुरू होतो. नियम शंभर टक्के पाळूनही हे मैदान हरवू शकतं, कारण नियम ज्याला जपतात ते उद्यान वेगळं आणि खेळाडू ज्याला 'स्टोक पार्क' म्हणतात ते मैदान वेगळं.

एकावर एक दोन आराखडे

जमिनीवरचा पहिला आराखडा अठराव्या शतकातला. पेनसिल्व्हेनिया वसाहतीच्या मालक पेन घराण्याने १७६०मध्ये ही इस्टेट घेतली. लॅन्सलॉट 'केपेबिलिटी' ब्राउन आणि नंतर हम्फ्री रेप्टन या दोन नामांकित उद्यानरचनाकारांचेही हात इथल्या उद्यानाला लागले. जॉन पेनने अमेरिकन स्वातंत्र्यानंतर मिळालेल्या भरपाईच्या पैशावर नवा प्रासाद बांधायला घेतला. वास्तुविशारद जेम्स वायटने तो घुमट आणि स्तंभांसह पुरा केला. इंग्रजी 'पार्कलँड' म्हणतात ते हेच: प्रासादापासून दूरवर उतरत गेलेलं गवत, त्यात मोकळी उभी असलेली एकेकटी झाडं किंवा झाडांचे पुंजके, मध्ये तळं, आणि नजर जिथे थांबावी तिथे मनोरा, स्तंभ किंवा चर्चचं टोक. गवत तेव्हा मेंढ्या-गुरं आणि हरणं छाटत. झाडांच्या फांद्यांखालची सरळ रेघ, जणू कात्रीने कापलेली, ही त्या चरणाऱ्या जनावरांची उंची.

दुसरा आराखडा १९०८चा. 'कोरिंथियन' या हौशी फुटबॉल क्लबचे संस्थापक निक लेन जॅक्सन यांनी आगपेट्यांच्या ब्रायंट कुटुंबाकडून इस्टेट घेतली आणि हॅरी कोल्ट यांच्याकडून २७ होल आखून घेतले. कोल्ट मूळचे वकील, त्या वेळी सनिंगडेल क्लबचे सचिव. व्यावसायिक खेळाडू नसूनही पूर्णवेळ मैदानं आखणाऱ्यांत ते पहिल्या फळीतले. जमिनीला हात कमी लावायचा, ग्रीन मात्र बांधून काढायचं आणि बंकर, म्हणजे वाळूचा खड्डा, असा ठेवायचा की धाडस करणाऱ्याला दोन रस्ते दिसावेत, ही त्यांची रीत. सातवा होल लहान, पार तीनचा, म्हणजे तीन फटक्यांत पुरा करायचा. पाण्यापलीकडे तिरकस बसवलेलं ग्रीन. कोल्ट यांचे पुढचे सहकारी ॲलिस्टर मॅकेंझी यांनी अमेरिकेतल्या प्रसिद्ध ऑगस्टा मैदानाच्या मूळ सोळाव्या होलसाठी याच सातव्याचा आधार घेतला होता. ऑगस्टाचा तो होल १९४७मध्ये बदलला गेला. मुलगी गेली, आई मात्र स्टोक पार्कमध्येच राहिली.

कोल्टना रेप्टनची मोकळी झाडं आयतीच मिळाली. म्हणून मैदानाला त्या वयातच परिपक्व रूप आलं. पण दोन आराखड्यांचं जगणं वेगळं आहे. ओकचं झाड दहा वर्षं कोणी पाहिलं नाही तरी ओकच राहतं. ग्रीन दहा आठवडे पाहिलं नाही तर ग्रीन राहत नाही.

कायदा नेमकं काय धरतो

प्रासाद जपायच्या इमारतींच्या सूचीत 'ग्रेड वन', म्हणजे सर्वोच्च श्रेणीत, आहे. उद्यान ऐतिहासिक उद्यानांच्या राष्ट्रीय नोंदवहीत 'ग्रेड टू' म्हणून नोंदलेलं आहे. जमीन लंडनभोवतीच्या हरितपट्ट्यात मोडते. ऐकायला हा तिहेरी कोट वाटतो. आत शिरून पाहिलं की भोकं दिसतात.

सूचीतल्या इमारतीला हात लावायला वेगळी परवानगी लागते. तिच्या आवारातली १ जुलै १९४८ पूर्वीची बांधकामंही त्यातच धरली जातात, म्हणून जुनी भिंत किंवा पायऱ्या 'किरकोळ' समजून हलवता येत नाहीत. उद्यानाच्या नोंदवहीला मात्र स्वतःची परवानगी-पद्धत नाही. तिचं वजन पडतं ते नियोजन अर्ज आल्यावर, बकिंगहॅमशायर कौन्सिलने निर्णय घेताना. त्या वेळी 'गार्डन्स ट्रस्ट' या संस्थेचं मत मागावं लागतं, आणि ग्रेड टू उद्यानाची मोठी हानी 'अपवादात्मक' प्रसंगीच मान्य व्हावी असं राष्ट्रीय धोरण सांगतं. अर्जच लागणार नाही असं काम असेल तर नोंदवही मूक राहते.

आता बघा, ग्रीन न कापणं हे 'विकास' नाही. बंकरमध्ये गवत वाढू देणं हा विकास नाही. फेअरवेवर, म्हणजे ग्रीनपर्यंतच्या कापलेल्या पट्ट्यावर, गवत उभं राहू देणं हाही नाही. त्यासाठी कुठला अर्ज नाही, कुणाची हरकत नाही. उलट एखाद्या जाणकाराने 'गोल्फ गेलं, उद्यान मोकळं झालं' असं म्हटलं तर त्याला संवर्धनाच्या भाषेत आधारही सापडेल. ऐतिहासिक उद्यानांमध्ये टी (होलचा पहिला फटका मारायच्या जागा), बंकर आणि वाळूचे पांढरे डाग हे बऱ्याचदा उपरेच मानले जातात. कोल्ट यांचं काम स्वतंत्रपणे कुठल्याही सूचीत बसत नाही. ते टिकतं ते रोजच्या कापणीतून.

दुसरं टोक वाईट आहे ते उत्साही नूतनीकरणाचं. मातीचा भराव, नवी टी, ग्रीन खोदून नव्याने बांधणं ही अभियांत्रिकी कामं आहेत, त्यांना परवानगी लागू शकते. पण परवानगी देणारा अधिकारी बघतो ते प्रासादापासूनचं दृश्य आणि झाडांची मुळं. ग्रीनच्या मागच्या डाव्या कोपऱ्यातला २० सेंटिमीटरचा उंचवटा गेला, हे त्याच्या तपासणीत येतच नाही.

खेळ थांबल्यावर घड्याळ कसं चालतं

आपल्याकडच्या वाचकाला एक फरक लक्षात घ्यावा लागेल. पुण्या-मुंबईच्या ग्रीनवर बर्म्युडा असतो, म्हणजे आपल्या हरळीचाच भाऊबंद. उष्ण हवेत फोफावतो, थंडीत झोपतो, आणि जमिनीखालच्या खोडांमुळे दुर्लक्षातूनही उठतो. दक्षिण इंग्लंडच्या पार्कलँड ग्रीनवर असतात बेंट आणि थोडा फेस्क्यू ही बारीक पात्याची गवतं, आणि न बोलावता आलेला पोआ ॲनुआ. यांची वाढ एप्रिल ते ऑक्टोबर. यातला कुणीही हरळीसारखा चिवट नाही.

खेळाच्या हंगामात या ग्रीनची कापणी साधारण ३ ते ४ मिलिमीटर, हिवाळ्यात ५ ते ६. मे महिन्यात दोन-तीन आठवडे यंत्र फिरलं नाही तर गवत ३० मिलिमीटरवर जातं. मग नवखा माणूस काय करतो? यंत्र पुन्हा ४ मिलिमीटरवर लावून एकदम कापतो. वरची हिरवी पाती जातात, खालचे पिवळे देठ उघडे पडतात आणि ग्रीन तांबूस दिसायला लागतं. एका वेळी पात्याच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त कापायचं नाही हा नियम पाळला तर ३० वरून २०, मग १३.५, मग ९, मग ६ आणि शेवटी ४, अशा पाच पायऱ्या होतात. प्रत्येक पायरीनंतर चार-पाच दिवस, म्हणजे तीन आठवडे. ते नुसते कापणीचे. मधल्या काळात सावलीत मेलेली बारीक रोपं भरून यायला आणखी महिना-दीड महिना.

एक पूर्ण हंगाम गेला तर गणित बदलतं. बेंटच्या गादीत राय आणि यॉर्कशायर फॉग या भरड गवतांचे जाड पुंजके बसतात. कुजलेल्या पानांचा थर वाढतो, पावसाचं पाणी वरच थांबतं. गांडुळं वर येऊन मातीच्या गोळ्या टाकतात, त्यांवर तणांचं बी रुजतं. गांडुळं आवरायला वापरला जाणारा कार्बेन्डाझिम २०१७मध्ये बंद झाला. टिपुला या लांब पायांच्या माशीच्या अळ्यांवरचा क्लोरपायरिफॉस त्याच्या आदल्या वर्षी गेला. मायक्रोडोकियम या हिवाळी बुरशीवर हमखास लागू पडणारा इप्रोडायोन २०१८च्या जूनपासून गेला. ही औषधं जाणं पर्यावरणासाठी बरंच झालं, पण वीस वर्षांपूर्वी दुर्लक्षाची जी चूक बाटलीतून दुरुस्त होत होती ती आता होत नाही. अळ्यांसाठी बॅजर हे बिळात राहणारे प्राणी रात्रीतून ग्रीन उकरतात, आणि बॅजर १९९२च्या कायद्याने संरक्षित आहेत; बिळाला हात लावायचा नाही.

दोन हंगाम गेले की ओक आणि बर्चची रोपं दिसू लागतात. तेव्हा कापणीने काम भागत नाही. वरचा २० ते २५ मिलिमीटरचा थर यंत्राने सोलून काढायचा आणि काढला तेवढ्याच जाडीची, तपासलेली वाळूमिश्रित माती परत घालायची. 'तेवढ्याच जाडीची' हे शब्द महत्त्वाचे. ४५० चौरस मीटरवर २५ मिलिमीटर म्हणजे सुमारे ११ घनमीटर माल. तो मोजून परत न घातल्यास ग्रीन भोवतालच्या जमिनीपेक्षा खाली बसतं आणि पहिल्याच पावसाळी आठवड्यात कडेचं पाणी आत उतरतं. मग बेंटचं बी, चौरस मीटरला ८ ते १० ग्रॅम, ऑगस्टच्या अखेरीपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. खेळण्याजोगा पृष्ठभाग यायला वर्ष ते दीड वर्ष.

या सगळ्याच्या तुलनेत मैदान नुसतं जिवंत ठेवणं स्वस्त आहे. त्याचं माप उपलब्ध आहे: २०२०च्या वसंतात टाळेबंदीने ब्रिटनमधली सारी मैदानं बंद झाली तेव्हा खेळाच्या नियामक संस्थेने आणि ग्रीनकीपरांच्या संघटनेने 'अत्यावश्यक देखभाल' ठरवून दिली. ग्रीन आठवड्याला जास्तीत जास्त तीनदा, टी आणि फेअरवे एकदा. स्टोक पार्कसारख्या ठिकाणी तोच सांगाडा धरायचा. ग्रीनची उंची ६ ते ८ मिलिमीटरवर न्यायची. खेळाच्या वर्षी हेक्टरी ८० ते १२० किलो नत्र लागतं, ते निम्म्यावर आणायचं. वाढ रोखणाऱ्या ट्रायनेक्सापॅकची फवारणी हंगामात दर काही आठवड्यांनी. महिन्यातून एकदा ८ मिलिमीटरच्या भरीव दात्यांनी भोकं पाडायची, कारण पाय पडत नसले तरी पाऊस आणि यंत्र माती दाबतातच. वाळूची हलकी फवारणी थांबवायची नाही. नेहमीचा वर्षाचा हेक्टरी १०० ते १५० टन हा आकडा २७ ग्रीनना सव्वाशे ते पावणेदोनशे टन होतो, तो निम्म्यावर आला तरी चालेल, शून्यावर आला तर चालणार नाही. ट्रायप्लेक्स या तीन पात्यांच्या कापणी-यंत्रावर एक माणूस एका कामाच्या दिवसात सत्तावीस ग्रीन कापून होतो. आठवड्याचे तीन मनुष्यदिवस! प्रासादाच्या छपराच्या दुरुस्तीच्या हिशेबात हा खर्च दिसणारही नाही.

हात लावण्याआधी नोंद

बंद मैदानाचा एक फायदा असतो, तो बहुतेक मालक घेत नाहीत: मोजमाप निवांत करता येतं. पहिलं काम ग्रीनचं लेसर किंवा ड्रोनने मापन. अर्ध्या मीटरच्या जाळीवर उंची, आणि समोच्चरेषा ५० मिलिमीटरच्या अंतराने. मूळ संदर्भबिंदू ग्रीनशेजारच्या खुंटीवर ठेवायचा नाही, खुंटी पहिल्याच ट्रॅक्टरखाली जाते. तो न हलणाऱ्या दगडी बांधकामावर घ्यायचा.

दुसरं काम ग्रीनची मूळ कड शोधणं. कापणारा माणूस कडेला चूक नको म्हणून दर वर्षी दोन-चार सेंटिमीटर आत वळतो. शंभर वर्षांत कोपरे गोल होतात, ग्रीन अंडाकृती होतं आणि कोल्टनी बंकरच्या अगदी मागे ठेवलेली ध्वजाची जागा लांब गवतात जाते. जुनी कड दोन गोष्टींनी सापडते. बांधलेल्या उंचवट्याची खांद्यासारखी रेघ अजून डोळ्यांना दिसते. शिवाय कड ओलांडून बाहेर अर्ध्या-अर्ध्या मीटरवर मातीच्या नळ्या काढल्या की वर्षानुवर्षं टाकलेल्या वाळूचा थर कुठे संपतो ते कळतं. जिथे वाळू संपली तिथे कधीकाळी ग्रीन संपत होतं. याला दुजोरा १९४०च्या दशकातल्या हवाई दलाच्या उभ्या छायाचित्रांचा. इंग्लंडची ऐतिहासिक छायाचित्रं हिस्टॉरिक इंग्लंडच्या संग्रहात मिळतात. युद्धोत्तर चित्रांत बुजलेले बंकरही डागासारखे दिसतात.

इथे एक सापळा आहे. ग्रीनचा वेग, म्हणजे चेंडू किती फूट घरंगळतो ते, मोजणारा स्टिम्पमीटर १९३५मध्ये बनला आणि सार्वत्रिक झाला तो १९७८नंतर. कोल्ट यांच्या काळातली ग्रीन आजच्यापेक्षा बरीच संथ होती, म्हणून त्यांनी चार-पाच टक्क्यांचे उतार निर्धास्तपणे दिले. आज आलिशान क्लबला १० फुटांपुढचा वेग हवा असतो. तेवढ्या वेगात तीन टक्क्यांवरच्या उतारावर ध्वज ठेवला तर चेंडू थांबत नाही. मग सल्लागार म्हणतो, 'ग्रीन थोडं सपाट करू, नाहीतरी खालचा निचरा जुना आहेच.' या पिढीची ग्रीन स्थानिक माती ढकलून बांधलेली असतात, खाली खडीचा थर नसतो. १९६०पासूनच्या अमेरिकन पद्धतीत १०० मिलिमीटर खडी आणि वर ३०० मिलिमीटर वाळूची मुळजागा असते. ती चांगली पद्धत आहे, पण शंभर वर्षांची ग्रीन त्यासाठी फोडावीत असा याचा अर्थ होत नाही. आधी वाळूची फवारणी, खोल भोकं, आणि कडेने निचऱ्याची नळी एवढं दोन-तीन वर्षं करून पाहावं. आमचं मत स्पष्ट आहे: वेग ९ फुटांवर ठेवला तर मूळ उतार वाचतात. उतार सपाट केले तर कोल्टच्या नावाची पाटी कशाला लावायची?

झाडं: कुणाची, आणि सूर्य कुठे

इंग्लंडच्या जवळजवळ प्रत्येक जुन्या पार्कलँड मैदानावर तिसरा एक थर असतो, जो ना रेप्टनचा ना कोल्टचा. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात क्लबांनी फेअरवेच्या कडेने रांगेत लावलेली झाडं: पॉप्लर, लेलँडी सायप्रस, चेरी, विलो. हेतू चांगला असायचा. होल वेगळे दिसावेत, चेंडू शेजारच्या होलवर जाऊ नये, सभासदाच्या स्मरणार्थ एक रोप. परिणाम असा की रेप्टनची दूरची नजर अडली आणि कोल्टचे दोन रस्ते एक झाले. दोन्ही आराखड्यांचं भांडण मिटवायचा सोपा मार्ग हा तिसरा थर आधी काढणं हाच आहे. संवर्धनवाले आणि गोल्फवाले यांचं एकमत होतं असं हे एकच काम.

ग्रीनसाठीचं कारण नुसतं सौंदर्याचं नाही. साडेएक्कावन्न अक्षांशावर डिसेंबरच्या दुपारी बाराला सूर्य क्षितिजावर फक्त १५ अंश असतो. २० मीटर उंचीच्या झाडाची सावली ७५ मीटर लांब पडते. जूनमध्ये तेच झाड १०-११ मीटर सावली देतं. (पुण्यात डिसेंबरच्या दुपारीही ती १८ मीटरच भरते; म्हणून आपल्या माणसाला ही अडचण पटकन पटत नाही.) ग्रीनच्या आग्नेयेला उभी सायप्रसची भिंत असेल तर ऑक्टोबर ते मार्च दव वाळत नाही, गोठलेलं ग्रीन दुपारपर्यंत सुटत नाही आणि मायक्रोडोकियमचे ठिपके रुपयाच्या नाण्याएवढे होऊन एकमेकांत मिसळतात. म्हणून प्रत्येक ग्रीनसाठी २१ डिसेंबर, २१ मार्च आणि २१ जून अशा तीन दिवसांचा सूर्यमार्ग काढायचा आणि सकाळचं ऊन कोणतं झाड अडवतं ते क्रमांकाने नोंदायचं. दुपारनंतरच्या उन्हापेक्षा सकाळचं ऊन मोलाचं, कारण ते दव घालवतं.

तोडताना तीन दारं ठोठवावी लागतात. संरक्षण-आदेश असलेल्या झाडाला कौन्सिलची परवानगी. तिमाहीत ५ घनमीटरहून अधिक लाकूड पाडायचं, किंवा २ घनमीटरहून अधिक विकायचं, तर वन आयोगाचा परवाना. आणि पोकळी असलेल्या झाडात वटवाघळं आहेत का याची तज्ज्ञाकडून पाहणी. सगळ्या जातींची वटवाघळं संरक्षित आहेत. मार्च ते ऑगस्ट घरट्यांचा काळ, तेव्हा करवत बंद. म्हणजे हाताशी उरतात सप्टेंबर ते फेब्रुवारी. ओक प्रोसेशनरी मॉथ ही अळी २००६मध्ये लंडनमध्ये सापडल्यापासून भोवताली पसरली आहे. तिचे केस त्वचेला आणि श्वासाला त्रास देतात, त्यामुळे ओकवर चढणाऱ्या माणसाला हे आधी सांगितलेलं असावं.

रेप्टनच्या काळचे ओक मात्र हलायचे नाहीत. ब्रिटिश मानकाप्रमाणे मुळांचं संरक्षित वर्तुळ जमिनीपासून दीड मीटरवरच्या खोडाच्या व्यासाच्या बारापट. प्राचीन किंवा जराजीर्ण पण मोलाच्या झाडांना किमान पंधरापट, किंवा पर्णसंभाराच्या कडेपुढे ५ मीटर, यातलं मोठं ते. १.२ मीटर व्यासाच्या ओकभोवती १८ मीटर. त्या वर्तुळात पाण्याच्या नळीचा चर नाही, मातीचा ढीग नाही, बग्गीचा डांबरी रस्ता नाही. ग्रीन त्या वर्तुळात येत असेल तर मुळं छाटण्याचा नेहमीचा उपाय बाद होतो, आणि ग्रीन त्या बाजूला थोडं रोगट राहणार हे मान्य करून ध्वज दुसरीकडे ठेवायचा.

पाणी

२७ ग्रीनना कडक उन्हाळ्यात दिवसाला ४ मिलिमीटर पाणी दिलं तर ४८ घनमीटर लागतात. इंग्लंडमध्ये ओढ्यातून किंवा विहिरीतून दिवसाला २० घनमीटरपेक्षा जास्त उपसा करायला पर्यावरण संस्थेचा परवाना लागतो. म्हणजे ग्रीन एकट्यानेच मर्यादा ओलांडतात, टी आणि फेअरवे पुढेच. उद्यानातलं तळं हे रेप्टनच्या दृश्याचा आणि सातव्या होलचा कणा. त्यातून ऑगस्टमध्ये उपसा करून पातळी हातभर खाली नेली तर काठावर चिखलाची पट्टी उघडी पडते, आणि दोन्ही आराखडे एकदमच बिघडतात. वेगळी साठवण, हिवाळ्यात भरून उन्हाळ्यात वापरायची, हाच योग्य मार्ग. जमिनीच्या पातळीच्या वर २५ हजार घनमीटरपेक्षा मोठा साठा केला की जलाशय कायदा लागू होतो, त्यामुळे आकार त्याखाली ठेवतात. २७ ग्रीन आणि तेवढ्याच टींना सुकं वर्ष काढायला याहून खूप कमी पुरतं. फेअरवे भिजवायचा मोह धरला की हिशेब फसतो. पार्कलँडच्या फेअरवेला जुलैत पिवळं पडू द्यावं. मेंढ्यांच्या काळातही ते पिवळंच पडत होतं.

बंकर, थोडक्यात

बंकर सर्वात शेवटी. वाळू उडून उडून ओठ वर्षाला थोडा वर चढतो, तळही चढतो, आणि मूळ आकार आतल्या आत गाडला जातो. एक अरुंद चर काठापासून तळापर्यंत खणला की वाळूचे जुने थर रंगाने वेगळे दिसतात. मूळ तळ तिथेच सापडतो. तळाला छिद्रांची १०० मिलिमीटर नळी खडीत, तळावर १०० ते १५० मिलिमीटर वाळू, चढावर ५० पुरे. चढावर जास्त टाकली की पहिल्या सरीत सगळी खाली येते. वाळूचा रंगही नियोजनाचा प्रश्न आहे: प्रासादाच्या गच्चीवरून दिसणारा चकचकीत पांढरा डाग उद्यानवाल्यांना खुपतो, आणि त्यांचं खरं आहे. स्थानिक फिकट पिवळी वाळू दोघांनाही चालते.

किती ठेवायचं

स्टोक पार्कचे नऊ-नऊ होलचे तीन भाग कोल्ट, त्यांचे सहकारी ॲलिसन आणि लेन जॅक्सन या नावांनी ओळखले जातात. तिसरे नऊ होल दुसऱ्या महायुद्धाच्या काळात गेले आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस पुन्हा उभे केले गेले. म्हणून माणसं, पाणी किंवा पैसा कमी पडला आणि काहीतरी सोडायचंच झालं, तर सत्तावीसही ग्रीनची देखभाल सारखीच पातळ करणं ही सर्वात वाईट निवड. लेन जॅक्सनचे नऊ होल कुरणाला परत द्यावेत, वर्षातून एकदा ऑगस्ट-सप्टेंबरात कापून गवत उचलून न्यावं. त्यांचं मापन मात्र आधी झालेलं असावं. उरलेल्या अठरांवर सगळा जोर. आणि पहिल्या महिन्याचं पहिलं यंत्र ज्या ग्रीनवर फिरायला हवं ते प्रासादासमोरचं नाही, सातवं आहे: तिथे पाणी, सावली आणि उतार तिन्ही एकत्र येतात, आणि बिघाड सर्वात आधी तिथेच दिसतो.